डाव्या बाजूची काकणं

हे खरं घडलेलं आहे.

आणि रात्री-अपरात्री नाही, भरदुपारी. लातुरात, शिकवणी वर्गांच्या गल्लीत, श्रावणातल्या एका दुपारी. ती टेप अजून देविकाच्या घरी आहे. पण ज्यांनी ती पूर्वी ऐकली होती, त्यांना आता ऐकवायची तिची हिंमत होत नाही.

देविकाचे वडील मार्तंडसर शाळेत विज्ञान शिकवायचे. पण दूरदूरचे लोक त्यांना ओळखायचे ते एका रेकॉर्डिंगमुळे. भूकंपाच्या आधी, चाकूरच्या एका मठात, शिवम्मा नावाच्या गायिकेचा भीमपलास त्यांनी स्पूलच्या टेपवर घेतला होता. नांदेडहून, हैदराबादहून शौकीन यायचे. नवे स्पीकर आणायचे आणि याच टेपवर पारखायचे. डोळे मिटले की मठ समोर उभा राहायचा. उजवीकडे तबला, मधे शिवम्मा, डावीकडे तानपुरा.

आणि तानपुऱ्याच्या मागं... काकणं.

ती देविकाच्या आईची, प्रेमलाबाईंची. समेवर मांडीवर हात पडला की किणकिणायची.

"काकणं काढून ठेव म्हणलं होतं न्हाई का?" मठातून निघताना सर चिडले होते.

"तुमच्या त्या टेपच्या डब्यासाठी सवाष्णीनं हात उघडे ठेवायचे व्हय?" आईनं तिथल्या तिथं सुनावलं होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली. गणपतीला माहेरी गेली होती, किल्लारीजवळ. तिच्या आवाजाची दुसरी कुठलीच खूण घरात उरली नाही.

पुढं कुणी म्हणायचं, "सर, तेवढी काकणं पुसून टाका की. एक नंबर होईल."

सर उठून चहा टाकायला जायचे.

स्पीकरांसमोर एकच खुर्ची होती. दोन्ही बाजू सारख्या ऐकू येतात ती जागा. तिथं फक्त सर बसायचे. देविका शेजारी जमिनीवर, पाहुणे मागं चटईवर. "सर, गादी सोडा एकदा, आम्हालाही दरबार बघू द्या," असं पाहुणे चिडवायचे. सर हसायचे. उठायचे नाहीत.

आषाढात सर गेले. झोपेतच.

श्रावणात नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून यज्ञेश आला. तिथल्या कॉलेजात शिकवणारा, सरांचा लाडका. टेप झिजत चालली होती, ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती.

"काकणांना हात लावायचा नाही," देविकानं बजावलं.

"लावला तर सर वरून येऊन कान पिळतील, ताई." वायरी जोडता जोडता तो म्हणाला, "बसा ना खुर्चीत. आता कोण उठवून राहिलं तुम्हाला?"

बोलून त्यानं जीभ चावली.

देविका बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

वर्ग भरले होते. गल्ली ओस पडली होती. टेप फिरू लागली...

तानपुरा. शिवम्मांचा आवाज. सम.

किणकिण.

इतक्या जवळ! हात पुढं केला असता तर आईच्या मनगटाला लागला असता. देविकाचे डोळे भरून आले.

पुढची सम... किणकिण.

त्यानंतर मात्र काकणं अडखळली. तालात नव्हती. कुणी हात जमिनीला टेकून, पुढं वाकून, समोर नीट बघत असावं तशी...

मग काच फुटली.

दगडावर आपटावी तशी. एकदा. पुन्हा. मग दुसऱ्या हाताची.

शिवम्मा गातच होत्या.

"ताई, काही पाडलं का तुम्ही?"

देविकाच्या हातात घड्याळाशिवाय काही नव्हतं.

यज्ञेशनं टेप मागं नेली. पुन्हा पहिल्यापासून लावली. तानपुरा होता. सम आली... गेली. काकणं नव्हती. अगदी पहिल्या समेपासून नव्हती. फुटल्याचा आवाजही नव्हता. कॉम्प्युटरवर उतरलेलंही तसंच.

"टेप खराब झाली असेल," देविका कसंबसं म्हणाली.

"मग तानपुराही जायला पायजे होता, ताई. तो त्याच बाजूला हाय."

चहा तसाच ठेवून तो निघून गेला. नंतर फोन केला, पण त्या दुपारविषयी एक शब्द काढला नाही.

देविका मात्र त्या काकणांचाच विचार करत राहिली. इतकी वर्षं त्या बाजूला आई होती आणि समोर सर. आषाढात गावोगाव फोन झाले. आईला कुणी कळवलं नाही. असं काही कळवायचं असतं, हे कुणाच्या मनात येणार?

त्या दुपारी खुर्चीत लेक बसलेली दिसली... आणि तिचं तिला समजलं.

कधीतरी, वर्ग भरल्यावर, देविका ती टेप लावते. जमिनीवर बसून. खुर्चीकडे बघत नाही.

सम येते.

डावीकडे, तानपुऱ्याच्या मागं, मांडीवर हात पडतो... नुसता.