दोघांनी सांगितलं म्हणून

त्या फैझलला बसायची-उठायची रीत आहे, बोलायची नाही. पाहुण्याने समोर आलेला चहा प्यावा, म्हातारी सांगेल त्याला मान डोलवावी आणि घरी जावं. हा काय करायचा? माझं अर्धं वाक्य झालं की पेन वर करायचा. "दादी, हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत?" माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून, माझ्याच सासऱ्यांबद्दल मलाच विचारतो!

दुकान म्हणजे सदाशिव पेठेतलं आमचं बाइंडिंगचं. पुस्तकं, रजिस्टरं, आणि हल्ली जास्त करून विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध. तीन पिढ्यांच्या हातांना खळीचा वास आहे. मी अख्तरबानू. शाळा तिसरीपर्यंत, पण जिल्दीवर सोनेरी अक्षरं उमटवायची तर आजही मलाच पुढे करतात. माझी नात उम्मेहानी, घरात नुसती हानी. ती ग्रंथालयाचं शिक्षण घेते आणि कॉलेज सुटलं की दुकानात शिवायला बसते.

फैझल आला तो चुकून आला. डिसेंबरातली सकाळ होती, उन्हात बसावंसं वाटणारी. त्याला जायचं होतं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. हानी दारात बसून जुजबंदी करत होती, म्हणजे पानांच्या घड्या एकीला एक दोऱ्याने शिवत होती. हा उभाच राहिला. हातात कागद, नजर सुईवर. सुईवर म्हणे!

"काय हवंय?" हानीने मान वर न करता विचारलं.

"झेरॉक्स…"

"ते शेजारी."

"हो… पण हे तुम्ही हाताने शिवता?"

"नाही, पायाने."

मी आतून ऐकत होते. म्हटलं, आता हा जाईल. पण तो गेला नाही. खडकीच्या क्वार्टर्समधला मुलगा, वडील दारूगोळा कारखान्यात. पुण्याच्या जुन्या बाइंडरांवर पीएचडी करत होता. दोन-अडीच वर्षं पुस्तकं चाळून त्याला आमच्यासारखं घर सापडलं नव्हतं, ते त्या दिवशी झेरॉक्स काढायला जाताना सापडलं.

मग दर शनिवारी यायला लागला.

"दादी, तुम्ही माझं प्राथमिक साधन आहात," पहिल्याच शनिवारी म्हणाला. मी भडकले. तिसरीपर्यंत शिकले म्हणून टोमणा मारतो की काय! हानी हसून हसून वाकली.

"अगं दादी, मान दिलाय तुला. ज्याने स्वतः केलं, डोळ्यांनी पाहिलं, त्याचं बोलणं, त्याची पत्रं, त्याच्या हातची वस्तू… हे सगळं प्राथमिक. ते बघून दुसऱ्याने पुस्तक लिहिलं की ते दुय्यम. आणि असल्या पुस्तकांच्या याद्या, कोश, ते तिसऱ्या नंबरचं."

"मग तिसऱ्याचं करायचं काय?"

"रस्ता विचारायचा," फैझल म्हणाला. "तिथे मुक्काम नाही करायचा."

"आणि मुक्काम कुठे करायचा?" हानीने दोरा दाताने तोडत विचारलं.

तो वहीत खाली बघायला लागला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या… असल्या गोष्टी म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसतात.

एका शनिवारी त्याने पिशवीतून नव्याने हाती लागलेली दोन पुस्तकं काढली. दोन्हींत आमच्या दुकानाबद्दल एक-एक ओळ. माझे मालक जिल्द बांधत आणि 'पत्नी त्यांना मदत करीत'.

"मदत?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "चाळीस वर्षं सोनेरी अक्षरं मी उमटवली! त्यांचा हात थरथरायचा. हे लिहिणारे कधी आले होते इथे?"

"पण दादी, दोन वेगवेगळ्या पुस्तकांत आहे…"

हानीने सुई खोचून ठेवली. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली आणि बोट फिरवत गेली. दुसऱ्याने पहिल्याचं जसंच्या तसं उतरवलं होतं, दुकान सुरू झाल्याच्या चुकीच्या सालासकट.

"बघा, संशोधक," ती म्हणाली. "मूळ एकच असेल तर ही दोन साधनं नव्हेत. एकच माणूस दोनदा बोललाय."

फैझलने वहीतल्या त्या ओळीवर काट मारली आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, मुलाखत, तारीख. मला वाचून दाखवलं. त्या दिवशी त्याला दुसरा चहा मिळाला. खोटं का बोलू.

पुढे तो शिवायलाही शिकला. म्हणजे काय, सुई टोचून घ्यायला शिकला.

"दाखव बोट," हानी म्हणायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मला कुणी सांगितलं नाही.

"नको, थोडंच लागलंय."

"कागदावर डाग पडेल. दाखव म्हणते ना!"

ती ओढणीच्या टोकाने त्याचं बोट दाबून धरायची. थेंबभर रक्त, आणि केवढा वेळ तो… मी पुठ्ठे मोजायचं सोंग करायचे.

आणि एप्रिलात तो यायचा बंद झाला.

एक शनिवार गेला, दुसरा गेला. हानीने दोनदा मेसेज केला. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'कामात आहे.' झालं. आमच्या घरच्या मुली तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

त्याच महिन्यात तिच्यासाठी मस्कतहून स्थळ आलं. इंजिनिअर, मोठं घर. फोटो बघायच्या आधीच नाही म्हणाली. मी रागावले, तिच्या अम्मीने समजावलं. ही खाली मान घालून शिवत राहिली.

पण शनिवार आला की केस धुवायची. निळी ओढणी घ्यायची. स्टूल रस्त्याकडे तोंड करून ठेवायची आणि मला म्हणायची, "इथे उजेड चांगला येतो, दादी." तीच जागा, तोच उजेड… मंगळवारी कसा तो लागत नव्हता? चार वाजता चहा टाकायची आणि एक कप जास्त व्हायचा. तो तीच प्यायची, गार झाल्यावर. स्कूटर थांबल्याचा आवाज आला की सुई थांबायची. माणूस उतरून दुसऱ्याच दारात गेला की पुन्हा चालायची.

मी म्हटलं, "फोन कर त्याला."

"ज्याला यायचं असतं तो येतो, दादी."

माझे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. पाच वाजले की मी अजून जिन्यावर त्यांच्या पावलांकडे कान लावते. त्यामुळे तिला पुढे काही बोलायचं माझ्या जिभेवर आलं नाही.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, भर दुपारी, फैझल दारात उभा. हानी कॉलेजला असते ती वेळ बघूनच आलेला. वाळला होता. हातात कागदांचा गठ्ठा.

"चार प्रती, दादी. काळं रेक्झिन. शुक्रवारपर्यंत होईल? शनिवारी हैदराबादला जातोय. तिथल्या एका संग्रहालयात नोकरी लागली."

"चार महिने कुठे मेला होतास?"

त्याने गठ्ठा टेबलावर ठेवून कडा उगाच सारख्या केल्या. "अभिनंदन सांगा… हानीला. मस्कतचं ठरलं ना."

"कोणी सांगितलं तुला?"

"समोर फुलं विकणाऱ्या शकूताईंनी. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्या मच्छिंद्रनेही. दोघांनी वेगवेगळ्या वेळी तेच सांगितलं, म्हणून मी…" त्याने गठ्ठ्यावरून हात फिरवला. "तुमच्या घरात चहा प्यायलो, दादी. तिथेच ठरलेल्या मुलीकडे बघायला कसा येऊ?"

मच्छिंद्रला शकूने सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. आणि शकूला? माझे हात टेबलावर तसेच राहिले.

शकूला मीच सांगितलं होतं. तिच्या भाचीचं स्थळ नाशिकचं, ती त्याचा तोरा मिरवत होती. मी म्हटलं, "आमच्या हानीला मस्कतचं आलंय, ठरल्यातच जमा आहे." मुलगी नाही म्हणाली, तरी मी ते मागे घेतलं नाही. कुणापुढे मागे घ्यायचं? शकूपुढे?

आयुष्यात मी चूक झाली असं फार वेळा म्हटलेलं नाही. जीभ वळत नव्हती. पण समोर तो मुलगा, आणि त्याच्या पलीकडे दर शनिवारी रस्त्याकडे वळणारं ते स्टूल…

"मी बोलले ते," मी म्हटलं. "बढाई मारली. खोटं होतं. तिने पहिल्याच दिवशी नाही म्हटलं."

तो पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसला. आणि दारात हानी उभी होती. तास लवकर सुटला होता. किती ऐकलं होतं देव जाणे. माझ्याकडे एकदाच बघितलं तिने. ते मी विसरणार नाही. मग त्याच्याकडे वळली.

"चार महिने."

"हानी, मी—"

"पुस्तकातल्या एका ओळीसाठी माझ्या दादीला दहा वेळा विचारलंस. आणि माझं लग्न ठरलं की नाही, ते फुलवालीला? चहावाल्याला?"

"भीती वाटली. तू 'हो, ठरलंय' म्हणाली असतीस तर…"

"म्हणून विचारलंच नाहीस."

"आता विचारतो." तो उभा राहिला. रेक्झिनचा तुकडा पायाखाली आला, तेही कळलं नाही त्याला. "ठरलंय?"

"नाही."

"का… नाही म्हणालीस?"

हानीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. नजर रस्त्याकडे वळवली.

"मस्कतच्या माणसाला शनिवार कुठून दिले असते?" ती हळूच म्हणाली. "ते आधीच तुला देऊन झाले होते."

फैझलचे डोळे भरले. तिचेही. दोघं चार हातांवर उभी, आणि कुणी पाऊल टाकेना. हैदराबाद तर तसंच होतं, शनिवारही तसाच येणार होता. पुन्हा तेच रस्त्याकडे बघणं… पण या वेळी तो येणार नाही हे माहीत असून.

मी घसा खाकरला. कुणीतरी निकाल द्यायला हवा होता, आणि त्या दुकानात तो माझा मान आहे.

"फैझल, नीट ऐक," मी म्हटलं. "माझी चूक मी कबूल केली, आणि संध्याकाळी शकूपुढेही करणार आहे. पण तुझी चूक माझ्याहून मोठी. मी नुसतं बोलले, तू माझ्या नातीला चार महिने वाट बघायला लावलीस. तू मला पसंत नाहीस. तिला आहेस, त्याला माझा इलाज नाही. शुक्रवारी प्रबंध न्यायला येशील तेव्हा एकटा येऊ नकोस. आई-वडिलांना घेऊन ये."