येते हं

ठाकुर्लीच्या खोलीचं दार आतून लावून त्र्यंबक भर दुपारी यंत्र मोडायला बसला.

रेल्वेच्या भंगारातले रिले म्हणजे विजेचे खटके, जुन्या टेलिफोनचा एक कान, तारांचं जंजाळ. नव्या स्वतंत्र देशात, इथं डोंबिवलीच्या पलीकडे, मेंदूसारखं शिकणारं यंत्र बनू शकतं, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. सारखी वापरलेली वाट मेंदूत रुळते, तशी ती तारांतही रुळावी, एवढीच कल्पना.

यंत्राला शिकवलं त्याच्या बायकोनं, हेमानं. शाळेत शिकवायला निघताना ती दारातून "येते हं" म्हणायची आणि बटण दाबायची. घंटा वाजायची. पुढे पुढे बटण लागेनासं झालं. तिच्या आवाजात "येते" आलं की आपसूक ठण्ण! दुसऱ्या कुणाच्या आवाजाला ती घंटा वाजत नसे.

"मी निघाले ते याला तरी कळतं," ती हसायची. "तुम्ही मान वर कराल तर शपथ!"

वैशाखात तिला ताप चढला. तिचा भाऊ विश्राम कल्याणच्या इस्पितळात न्यायला टांगा घेऊन आला.

"भाऊजी, चला ना."

"तुम्ही व्हा पुढे. एवढा सांधा झाला की आलोच."

हेमा उंबऱ्यात थांबली. त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाते."

घंटा वाजली नाही.

"अगं, शब्द का बदललास? शिकवलेलं सगळं बिघडेल ना!" तो घंटेकडे बघूनच ओरडला.

घरातून निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही. यंत्राला फरक कळला होता. त्याला नाही.

ती परतली नाही.

आता त्यानं बॅटरी काढली. सांधे तापवून एकेक तार सोडवली. सांध्यांवरच्या तापल्या राळेचा ओळखीचा वास खोलीत कोंडला होता.

ठण्ण.

त्र्यंबकनं हातातल्या बॅटरीकडे पाहिलं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. घंटेला आलं होतं.

"हेमा...?"

ठण्ण.

'येते' निघतानाही म्हणतात... आणि येतानाही. निघणाऱ्याला द्यायचं उत्तर त्या दिवशी त्याच्याकडून राहून गेलं होतं.

"ये..." तो पुटपुटला.

आतून लावलेली कडी हळूच खाली पडली. दारात कुणीच नव्हतं. फक्त राळेच्या वासावर चढत, उंबरा ओलांडून, इस्पितळातल्या फिनेलचा वास आत आला... आणि त्याच्या वाकलेल्या मानेजवळ थांबला.