एक माणूस जास्त

अंगभर साबण लावून झाला आणि शॉवरचं पाणी गेलं. हेमंत टिपणिसांच्या मनात पहिला विचार आला तो घातपाताचा. उभी नोकरी विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? कुठे गोदाम जळालेलं दिसलं, की मालकाने काडी कुठून लावली असेल हे ते आधी बघत. निवृत्तीनंतर गोदामं संपली, संशय तेवढा शिल्लक राहिला. बायको वृंदा म्हणायची, यांना देवळात प्रसाद दिला तरी आधी उलटा करून बघतील.

पण आजचा संशय अगदीच खुळचट नव्हता. चांदगिरीत गेली काही वर्षं नळाचं पाणी जातच नव्हतं. टिपणिसांनी तसंच साबणाचं अंग पुसलं, चरफडत गॅलरीत आले आणि खाली फाटकाकडे पाहिलं. फाटकावरचा दिवा पिवळा झाला होता.

हा दिवा ‘निर्मळ चांदगिरी’ योजनेतला. योजना महापालिकेची असली तरी कामाची होती, हे टिपणीससुद्धा कबूल करत. पूर्वी इथे वळवाची एक सर आली की गटारं रस्त्यावर यायची आणि लोक नाकाला रुमाल लावून भाजी घ्यायचे. मग प्रत्येक इमारतीच्या ड्रेनेज चेंबरमध्ये एक पांढरा गोळा बसवण्यात आला. त्याचं सरकारी नाव मलजल-परीक्षक, पण ते कोण घेणार? आकारावरून सगळे त्याला नारळ म्हणत. नळी तुंबायच्या आधी नारळ खबर द्यायचा, जुलाबाची साथ यायच्या आधी इशारा द्यायचा. शिवाय तो माणसं मोजायचा. आपल्या शरीरात जे असंख्य जंतू राहतात त्यांचं मिश्रण प्रत्येकाचं निराळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. या जंतुठशावरून इमारतीत किती माणसं राहतात ते नारळाला कळायचं. चार दिवसांचा पाहुणा तो सोडून द्यायचा. पंधरा-वीस दिवस तोच ठसा येत राहिला, की मात्र त्याची मोजणी व्हायची. माणसं कळली की पाणी किती द्यायचं आणि मैला किती वाहून न्यायचा याचा अंदाज बसायचा. नोंदलेली माणसं आणि मोजलेली माणसं जुळली की दिवा हिरवा आणि पाणी चोवीस तास. नाही जुळली तर दिवा पिवळा आणि पाणी सकाळी एक तास.

मोबाइलवर निरोप येऊन पडला होताच. ‘सुरभी सोसायटी. नोंदणीकृत रहिवासी एकसष्ट. आढळलेले रहिवासी बासष्ट. खुलासा करावा.’

“कुठेतरी पाणी मुरतंय,” टिपणीस म्हणाले.

“मुरायला आहे कुठे पाणी? बादली भरून ठेवा म्हटलं तर ऐकत नाही,” वृंदा म्हणाली आणि घाईने स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. चेअरमन बोधनकर माइकविनाच बोलायला उभे राहिले. बिल्डिंगमध्ये एक माणूस लपून राहतोय, आपण सगळे धोक्यात आहोत, असं त्यांनी सांगितल्यावर प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं. कोणी म्हणालं फरारी गुन्हेगार असेल, कोणी म्हणालं चोरून ठेवलेला पोटभाडेकरू. सेक्रेटरी टिपणीस. त्यांच्या अनुभवावर सगळ्यांचा भरवसा होता. “शोधून काढतो आणि बाहेर काढतो,” ते म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांना जरा तरतरी वाटली.

पुढचे दिवस सोसायटीत कोणी कोणाकडे सरळ बघेना. वर्षानुवर्षं ज्यांनी एकमेकींकडे विरजण मागितलं, त्या बायका आता शेजारणीच्या घरी किती पोळ्या लाटल्या जातात त्याचा आवाज ऐकू लागल्या. दारासमोर अनोळखी चप्पल दिसली की तिचा फोटो ग्रुपवर यायचा. सकाळच्या त्या एका तासात पाण्यावरून भांडणं व्हायची ती वेगळीच. माणसं वाईट नव्हती, पण चोवीस तास पाण्याची सवय लागली की माणूस कसा होतो ते तिथे दिसत होतं.

पहिला संशय आला दुसऱ्या मजल्यावरच्या तन्वी सपकाळवर. मुलगी एकटी राहायची, पडदे कायम ओढलेले, आणि मुख्य म्हणजे डबे दोन यायचे. टिपणीस आणि बोधनकर तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

“एक डबा दुपारचा, एक रात्रीचा,” ती म्हणाली. “मला स्वयंपाक येत नाही, काका. हा गुन्हा असेल तर लिहून घ्या. कपाट उघडून दाखवू का? पलंगाखाली वाकून बघणार का?”

बोधनकर खरोखरच किंचित वाकले होते. ते सरळ झाले. जिना उतरताना म्हणाले, “मुलगी उद्धट आहे.” टिपणीस पायऱ्यांकडे बघत उतरत राहिले. मुलगी खरं बोलत होती हे त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, आणि तरीही ते पडद्यामागे बघत राहिले होते, याची त्यांना लाज वाटत होती.

मग महापालिकेच्या कनिष्ठ अभियंता फर्जाना मुजावर आल्या. उन्हाने रापलेल्या, डोक्यावर टोपी, खांद्याला पाण्याची बाटली. चेंबरचं झाकण उघडून त्यांनी आत एक लांब तार सोडली. जिथे इमारतीचे सगळे उभे पाइप येऊन मिळतात, त्या प्रत्येक तोंडाशी ती तार थोडा थोडा वेळ धरली. टिपणीस बाजूलाच उभे होते. झाकणाजवळ पूर्वी माणसाला उभं राहवत नसे, आता नुसती ओल्या सिमेंटची गार हवा येत होती.

“सपकाळांच्या पाइपात नाही हा ठसा,” मुजावर हातातल्या पडद्यावर बघत म्हणाल्या. “मागच्या बाजूच्या उभ्या लाइनीत आहे. एकशे चार, दोनशे चार, तीनशे चार, चारशे चार. रोज येतो, दुपारी दोनच्या सुमाराला. रात्री एकदाही नाही.”

“म्हणजे इथे राहत नाही?”

“राहत नसणार. गेल्या आठवड्यात बुधवारी आणि गुरुवारी तर आलेलाच नाही.”

“येतो आणि जातो,” टिपणीस पुटपुटले. “चोरच!”

वृंदाने वरून विचारलं, मॅडम चहा घेणार का, निदान सरबत? मुजावर हसून नको म्हणाल्या. “फिरतीवर असताना काही घेत नाही हो मी. सवयच लावून घेतलीय.”

टिपणिसांचं डोकं भराभर चालू लागलं. तीनशे चार त्यांचं स्वतःचं, ते सोडून दिलं. दोनशे चार बोधनकरांचं. चारशे चारमध्ये म्हातारे देसाई नवरा-बायको, त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. उरलं एकशे चार. त्याचे मालक परदेशात, घर दोन वर्षं बंद. बंद घर, कुणाकडे तरी जादा किल्ली, दुपारची निवांत वेळ. दावा जवळजवळ सिद्ध झाला होता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते झोपले नाहीत. पायात चपला सरकवताना वृंदाने विचारलं, “आज आडवे होत नाही?”

“चोर पकडायचाय.”

वृंदाच्या हातातली वाटी ओट्यावर जरा जोरात ठेवली गेली. टिपणीस तेव्हा दारात होते. एरवी त्यांनी असल्या आवाजावरून तीन प्रश्न विचारले असते.

ते पहिल्या मजल्याच्या वळणावर वर्तमानपत्र घेऊन बसले. एकशे चारच्या कुलपावर धूळ होती आणि कोळ्याने कडी-कोयंड्याला जाळं विणलं होतं. बराच वेळ कोणी आलं नाही. डोळ्यांवर पेंग यायला लागली तसा चहा घ्यावा म्हणून ते वर आले. लॅच उघडून आत पाऊल टाकलं. वृंदा समोर स्वयंपाकघरात उभी होती, हातात काही नाही, नुसती उभी. आणि मागच्या बाथरूमचं दार आतून बंद होतं.

आत फ्लशचा आवाज झाला. दार उघडलं. ओले हात ओढणीला पुसत सारिका बाहेर आली, टिपणिसांना बघून तिथेच थबकली आणि तिने दाराची चौकट धरली. सारिका घुले. सोसायटीत सात घरी भांडी-फरशी करणारी बाई. सकाळी आठला यायची, दिवेलागणीला जायची. गेल्या बुधवारी आणि गुरुवारी ती नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गेली होती. वृंदाने स्वतः भांडी घासली होती आणि टिपणिसांनी त्यावर विनोदही केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

“काका, म्या...” सारिका ओढणी सावरत म्हणाली.

“तिला काही बोलू नका,” वृंदा पुढे आली. “मी सांगितलं तिला. दुपारी तुम्ही झोपलात की हे बाथरूम वापर म्हणून.”

“सोसायटीचा नियम आहे, वृंदा. कामाला येणाऱ्यांनी घरातलं...”

“माहितीये. कोणी केला तो नियम, आठवतंय का कुणाला? जिन्याखाली त्यांच्यासाठी एक संडास होता. तिथे आता आपल्या स्कूटर चार्ज होतात. कोपऱ्यावर सार्वजनिक होता, तो दिवाळीत पाडला. शहरात घरोघरी संडास झाले, आता याची गरज नाही म्हणाले. तिथे आता फोटो काढायला मोठी रंगीत अक्षरं उभी केलीत.”

टिपणिसांनी त्या अक्षरांसमोर उभं राहून फोटो काढला होता. शहराला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं त्या दिवशी.

“आवो काका, संडास पाडला तवापासनं म्या पानीच पीत नव्हते,” सारिका खाली बघत म्हणाली. “सकाळी घरनं निघायचं त्ये परत घरी जाईस्तोवर दम काढायचा. मग लगीच ताप आला, कंबर धरली. सिव्हिलमदी डाक्टरीन म्हनली, मूत्रपिंडाला सूज आलीया. पानी पी आन् अडवून धरू नगं. पानी प्यायचं तर जायाचं कुटं?”

“मला का नाही सांगितलंस?” टिपणीस बायकोला म्हणाले.

“काय म्हणाला असता?”

काय म्हणाले असते ते त्यांना चांगलंच माहीत होतं. ते खुर्चीत बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी कितीतरी लबाड माणसं पकडली होती आणि प्रत्येक वेळी पकडल्याचा आनंद झाला होता. आज तो कुठेच नव्हता.

“तुम्ही जिवाला लावून घेऊ नगा, काका,” सारिका दबकत म्हणाली. “सगळ्या बिल्डिंगचं पानी माज्यापायी तुटलं. म्या उद्यापासनं पानी पीत न्हाई. पयल्यासारकं. दिवा हिरवा हुईल तुमचा.”

तिने हे इतक्या सहज सांगितलं, की टिपणिसांना तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी मुजावर मॅडम खुलासा घ्यायला आल्या. पार्किंगमध्ये सगळे जमले होते, तन्वीही एका खांबाशी हाताची घडी घालून उभी होती. टिपणिसांच्या मोबाइलवर खुलाशाचे दोनच पर्याय होते. ‘रहिवासी म्हणून नोंद करा’ किंवा ‘वापर बंद झाला.’ पहिल्याला घराचा पुरावा लागत होता, आणि सारिकाचं घर नदीपलीकडच्या वस्तीत होतं. दुसऱ्याला नुसतं बोट लागत होतं.

“सापडला का माणूस?” बोधनकरांनी विचारलं.

“सापडलं. माझ्याच घरात,” टिपणीस म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्कूटर असलेल्यांनी जिन्याखालच्या दाराकडे पाहायचं टाळलं.

“वाईट वाटतं हो,” बोधनकर शेवटी म्हणाले. “पण नियम तो नियम. बंद झालं म्हणा आणि विषय संपवा. उद्या पाणी येईल.”

काही माना हलल्या. तन्वी पुढे येऊन म्हणाली, “माझ्याकडचं बाथरूम वापरू दे तिला,” तर कोणीतरी म्हणालं, मग दिवा तुझ्या लाइनीवरून पिवळा होईल, त्यात काय फरक पडला?

टिपणिसांनी मोबाइल खिशात ठेवला आणि मुजावरांकडे वळले. “मॅडम, दिवसा इथे कामाला येणाऱ्या बायका, वॉचमन, यांची मोजणी कुठे होते?”

“ते रहिवासी नाहीत ना. त्यांची मोजणी त्यांच्या घरी.”

“पण दिवसभर ते इथे असतात.”

मुजावरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. टिपणिसांची नजर त्यांच्या खांद्यावरच्या बाटलीकडे गेली. दिवसभर उन्हात हिंडून आलेल्या बाईची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. त्यांची नजर कुठे गेली ते मुजावरांना कळलं. त्यांनी बाटली हलकेच पाठीमागे सरकवली.

फाटकाबाहेर अंधार पडत होता. आजची कामं आटोपून सारिका समोरून चालली होती. आजूबाजूच्या इमारतींमधून तिच्यासारख्याच बायका बाहेर पडत होत्या, सगळ्या भराभर चालत, घर गाठायच्या घाईत. टिपणिसांनी गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. प्रत्येक फाटकावर हिरवा दिवा होता. इतके दिवस त्या दिव्यांचा त्यांना हेवा वाटत होता. आता मात्र जुना नोकरीतला संशय पुन्हा जागा झाला. ज्या दाव्यात सगळे आकडे चोख जुळत, तो ते हटकून दुसऱ्यांदा तपासायला घेत.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “आमचा दिवा पिवळा का झाला ते कळलं. पण मला सांगा, बायका तर सगळीकडेच दिवसभर कामाला असतात, मग बाकीच्यांचे हिरवे कसे?”