एवारिस्तोचं घरकुल

आमच्या सान आन्तोनिओ बंदरात कंटेनरच्या थप्प्यांमागे एक तळं होतं. लोक त्याला समुद्राचा डोळा म्हणत. मी पडलो मोजणीदार. माझ्या लेखी ते दीड मीटर खोल खारं डबकं होतं आणि कंपनीला ते बुजवायचं होतं.

अडचण एकच, काठावरचं एवारिस्तोचं घरकुल. आमच्याकडे माणूस जिथे अवचित मरतो, तिथेच त्याच्या आत्म्यासाठी गुडघाभर उंचीचं घर बांधतात. एवारिस्तो क्रेन चालवायचा. सहा वर्षांपूर्वी तो या तळ्यात बुडाला, प्रेत काही मिळालं नाही. त्याची आई एर्मेलिंदा रोज टेकडी उतरून तिथे मेणबत्ती लावायची.

घरकुल मी चाळीस मीटर मागे, रुळांपाशी हलवलं. दुसऱ्या दिवशी पाणी त्याच्या उंबऱ्याला टेकलेलं. भरती नव्हती, पाऊस नव्हता. पातळी मोजायचं यंत्र दोनदा तपासलं. पुन्हा हलवलं, पुन्हा तेच.

"साहेब, तळ्याला तुमचा लळा लागलाय," मुकादम ओसोरिओ म्हणाला. मी हसलो.

शेवटी एर्मेलिंदाच म्हणाली, "पोरा, मला देऊन टाक ते. माझ्या घरी ठेवते."

असलं घर कुणी छपराखाली नेत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण मला तिची दया आली आणि खरं सांगायचं तर पीडा टळेल असंही वाटलं. मी स्वतः ते ट्रकमधून नेऊन तिच्या स्वयंपाकघरात ठेवलं.

सकाळी तळं कोरडं पडलं होतं. चिखलात एक हाड नव्हतं, बूटही नव्हता. ओसोरिओ खूश झाला. मी टेकडीकडे पळत सुटलो.

दार उघडंच होतं. एर्मेलिंदा टेबलापाशी बसली होती, समोर चहाचे दोन कप. चारी भिंतींवर ओलीची एक रेघ उमटली होती, अगदी समपातळीत, बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. आत पाऊल टाकताच कमरेपर्यंत गारठा भरला. कपडे मात्र कोरडे होते.

"सेन्योरा, बाहेर चला."

"हळू बोल. सहा वर्षांनी आलाय तो."

मी तिचा हात धरून ओढला. ती हलली नाही.

रेघ तिच्या हनुवटीपर्यंत चढली. मी पुन्हा ओढलं.

तिने माझ्याकडे बघून तोंड मिटून घेतलं.

खिडक्या बंद होत्या. तिचे पांढरे केस खांद्यावरून सुटले आणि सावकाश वर तरंगू लागले.