दुभाष्याला परवाना लागत नाही

छत्री पिवळी होती, मिटलेली होती आणि सरळ माझ्याच दिशेने पळत येत होती. तिच्या दांड्याला एक उंच परदेशी तरुण होता आणि त्याच्यामागे सतरा पर्यटक.

माझा दहाचा ग्रुप रद्द झाला होता. गळ्यात गाइडचा बिल्ला तसाच ठेवून मी किल्ल्याच्या दरवाजातून घरी निघाले होते.

"ताई," तो धापा टाकत आमच्या भाषेत म्हणाला, "तुम्ही... आज... आमच्या गाइड. कृपया. दोन तास."

"का म्हणून?"

त्याने हनुवटीने तिकीटखिडकीकडे खूण केली. तिथे पर्यटन खात्याचा तपासनीस उभा होता. म्हणजे माझा सख्खा मामा.

मग मला सगळं कळलं. आमच्याकडे परदेशी माणसाला गाइड व्हायचं तर परवाना लागतो आणि परवान्यासाठी आमच्या भाषेची तोंडी परीक्षा द्यावी लागते. विनापरवाना सापडला की त्याची परतीची सोय खातंच करतं. आणि अशाला पाठीशी घालणाऱ्या गाइडचा बिल्ला जातो.

मी नाहीच म्हणणार होते. पण पाच मिनिटांपूर्वी मी त्याला तिसऱ्या पायरीवर गुडघे टेकून बसलेलं पाहिलं होतं. ग्रुपमधल्या एका म्हाताऱ्या बाईंचं बोट धरून तो ते दगडावरून फिरवत होता. त्या पायरीच्या चुनखडीत नखाएवढा एक शंख आहे, सहा कोटी वर्षांपूर्वीचा. मी भूशास्त्राची पदवीधर, म्हणून मला तो दिसला. बाकी एकाही गाइडने तो कधी कुणाला दाखवलेला मी पाहिला नव्हता.

"ग्रुप कुणाचा?" मामा येऊन ठेपला होता.

"माझा." तोंडातून निघून गेलं.

"असं? तुला यांची भाषा कधीपासून यायला लागली गं?"

"येत नाही. मी बोलते, हे भाषांतर करतात. दुभाष्याला परवाना लागत नाही, मामा. तूच शिकवलंस."

"ड्युटीवर साहेब म्हणायचं," मामा म्हणाला. "बरं, बोल. मीही ऐकतो."

आणि मी बोलले. एक वाक्य मी, एक वाक्य तो. मामा अर्धा तास मागे मागे फिरला आणि शेवटी कंटाळून चहाला गेला.

"हे एकदाच," मी त्या छत्रीवाल्याला दम दिला. "परीक्षा द्या."

"दिली. दोनदा नापास." त्याने दोन बोटं दाखवली, मग तिसरं. "आणखी एक. शेवटची. मग... घर."

परीक्षेला आठ आठवडे होते. तोवर त्याच्या प्रत्येक ग्रुपची गाइड मी आणि तो माझा दुभाष्या, असं आम्ही रीतसर लिहूनच दिलं. नियमाप्रमाणे. मला नियमाबाहेरचं काही जमत नाही... असं तेव्हा मला वाटायचं.

"मी एवढंच म्हटलं की ही भिंत नऊ फूट जाड आहे," एकदा मी त्याला बाजूला घेतलं. "त्याचं भाषांतर दीड मिनिट कसं चालतं? आणि लोक हसले कशाला?"

"थोडं मीठ घातलं."

"भिंतीत?"

"तू फार अळणी बोलतेस." हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की रागावायचं राहूनच गेलं. तो मला 'तू' कधीपासून म्हणायला लागला, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

पावसात तो छत्री उघडायचा नाही. "सगळ्यांच्या छत्र्या उघड्या," तो म्हणाला, "म्हणून माझी बंद. लांबून ओळखू येते." युक्तिवाद बिनचूक होता. फक्त त्याच्या पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं. मी माझी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. तो उंच, मी बुटकी, त्यामुळे हात भरून आला. त्याने माझ्या मुठीच्या वर दांडा धरला... आणि पुढची तीन वाक्यं मी काय सांगितली, मला आठवत नाही. त्याने मात्र त्यांचंही भाषांतर केलं.

रात्री तो आमच्या टूरचं रेकॉर्डिंग ऐकून सराव करायचा. भाषा सुधारत होती. मला आनंद व्हायला हवा होता.

झालाही. पण एकदा बसमध्ये मी गणित मांडून पाहिलं. तो नापास झाला, तर घरी जाणार. पास झाला, तर त्याला स्वतःचा बिल्ला मिळणार आणि माझी गरज संपणार. कुठल्याही बाजूने सोडवलं तरी माझ्या वाट्याला उत्तर शून्यच येत होतं. तरीही दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून दोन तास जास्त सराव करून घेतला. माझी गरज संपण्यापेक्षा तो परत जाणार ही कल्पना मला जास्त असह्य होत होती.

परीक्षेची आमच्याकडे एक पद्धत आहे. उमेदवाराच्या मागे चार परवानाधारक गाइड खोटे पर्यटक म्हणून उभे करतात. त्यांनी तोंड उघडायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. त्याच्या परीक्षेच्या दिवशी त्या चौघांत मीही होते. परीक्षक बाई वयस्कर आणि कडक. शेजारी वही घेऊन मामा.

तो सुरू झाला. न अडखळता, झकास. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात...

"डोकं सांभाळा, दार बुटकं आहे, आर्किटेक्ट माझ्या उंचीचा होता," तो आपल्या सहा फुटी उंचीवरून म्हणाला. "ओ काका, शंखावर पाय नको. सहा कोटी वर्षं टिकलाय, तुमच्या बुटाखाली जायचा! आणि काकू, तुम्ही सारख्या मागे का राहता?"

काकू म्हणजे परीक्षक बाई.

त्याने माझं रेकॉर्डिंग पाठ केलं होतं. सगळंच. मी वैतागून जे जे बोलले होते, तेही त्याला टूरचाच भाग वाटलं होतं! शेजारचा गाइड तोंडावर हात धरून खोकू लागला. मामाने वहीतून डोकं वर काढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी तटबंदीचे दगड निरखू लागले.

"छान पाठांतर," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "आता इथून त्या झाडापर्यंत माझ्याशी बोला. पाठ नसलेलं."

तो गप्प. दहा पावलं तशीच गेली. मला शब्द सुचत होते, शेकड्याने सुचत होते, आणि एकही देता येत नव्हता.

मग तो थांबला. "तुम्ही... उतरताना डावा पाय आधी टाकता. उजवा गुडघा दुखतो का?"

बाई चमकल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझी आई. तशीच उतरते. डॉक्टरकडे जात नाही. म्हणते, उद्या."

"मीसुद्धा उद्याच म्हणते हो," बाई म्हणाल्या.

"मग तुम्हाला पण ओरडतो. आजच जा."

वाक्यं मोडकी होती, पण त्याची स्वतःची होती. झाडापर्यंत दोघं गुडघ्यांवर बोलत राहिले. झाडही मागे पडलं, तरी बोलतच राहिले.

अर्ध्या तासाने मामा कागद घेऊन ऑफिसातून बाहेर आला. "पास," तो त्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हळूच, "लिहून देण्याआधीचा तो पहिला ग्रुप कुणाचा होता, ते मी विचारत नाही. पण तुझ्या आईला काय सांगायचं, ते तू ठरव." आणि तो निघून गेला.

आम्ही दोघंच उरलो. "अभिनंदन," मी म्हणाले. आवाज नको तितका नीट आला. "आता एकट्याने टूर घे. माझी गरज नाही तुला."

"नाही," तो म्हणाला.

इतकं स्पष्ट उत्तर मला नको होतं.

"म्हणून आज बोलतो," तो पुढे म्हणाला. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "मला तू आवडतेस. हे वाक्य मला दोन महिने येतं."

"मग दोन महिने गप्प का?"

"गरज होती तेव्हा म्हटलं असतं, तर तू विचार करत बसली असतीस. याला मी हवी, की माझा बिल्ला?"

मी खरंच तो विचार करत बसले असते. सगळ्या बाजूंनी, पुराव्यासकट. माझं हे इतकं त्याला कळलं होतं... आणि तरी मी आवडत होते.

"मलाही," मी म्हणाले.

"माझ्या आईला कळवू?"

"आईला? त्यांना काय माहीत आहे?"

"सगळं. रोज विचारते. फक्त तुझं उत्तर राहिलं होतं."

"मग लाव फोन," मी म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला. मोकळ्या हाताने त्याने स्वतःच्या आईचा नंबर दोनदा चुकवला.