पाचव्या चाकाची पूजा

"अरे हरेश, पाचवं चाक कुठं हाय?"

सगुणाबाई कुंकवाची वाटी घेऊन गाडीभोवती अख्खी एक फेरी मारून आल्या होत्या. चारही टायरांना हळद-कुंकू लागलं होतं, चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती, बॉनेटवर स्वस्तिक निघालं होतं. आता नारळ तेवढा फोडायचा होता.

"आई, गाडीला चारच चाकं असतात गं!" हरेश हसला.

"मना नको शिकवू! तुजा बाबा डंपर चालवायचा तवा दर दसऱ्याला मी स्टेपनीसकट सगली चाकं पुजलीत. अडचनीला जो धावून येतो, त्यालाच इसरायचं? काढ स्टेपनी भायेर!"

सगुणाबाईंपुढे घणसोलीत कुणाची मात्रा चालत नसे, तिथे हरेशची काय चालणार! त्याने निमूटपणे डिकी उघडली.

आरतीचं ताट धरून उभी असलेली तेरा वर्षांची सोनल मात्र भावाच्या नव्या गाडीकडे बघतच राहिली होती. लालभडक रंग, त्यावर दोन काळे पट्टे, मागे उंच पंख आणि काचेखाली चमचमणारी अक्षरं: 'तुफान रॅली'. साध्या तुफान गाड्या रस्त्यावर पुष्कळ दिसत, पण ही शर्यतीची रॅली! अख्ख्या गावठाणात अशी दुसरी गाडी नव्हती. दादाने ती तुर्भ्याच्या कमळाकरशेठकडून आणली होती, तीही जुनी, पण कोण म्हणेल जुनी?

फक्त बाबा ओट्यावरून उतरले नव्हते. तीन वर्षांपूर्वी खाणीच्या उतारावर नामदेवांच्या डंपरचे ब्रेक गेले. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा ताठ झाला. त्यानंतर ते कुठल्याही गाडीत ड्रायव्हरशेजारी म्हणून बसले नाहीत. बसमध्येसुद्धा पार मागच्या बाकावर जाऊन बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

"सोनल," कानाशी कुणीतरी कुजबुजलं. तो पार्थ होता, तिच्या वर्गातला. नव्या वसाहतीत राहणारा हा पोरगा गाड्यांची चित्रं कापून वहीत चिकटवायचा आणि त्या वहीला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त जपायचा. "स्टेपनीला भोकं किती आहेत बघ."

सोनलने मोजली. "चार."

"आणि गाडीच्या चाकांवर नट किती?"

"एक, दोन... पाच."

"मग पाच नटांच्या जागी चार भोकांचं चाक बसेल कसं?"

पार्थची चुलतबहीण क्षिप्रा सुट्टीसाठी चिपळूणहून आली होती. तिची जीभ कधी गप्प बसत नसे. "म्हणजे पंक्चर झालं तर गाडी खांद्यावरून घरी आणायची की काय?" ती म्हणाली.

पार्थ हसला नाही. नारळ फुटला, प्रसाद वाटून झाला, तशी तिघं विहिरीच्या कठड्यापाशी गेली. पार्थने वही उघडली.

"हे बघ. साध्या तुफानला चार नट. रॅलीला पाच, कारण तिचं इंजिन ताकदवान असतं आणि ब्रेकही वेगळे असतात. रॅलीच्या मागच्या चाकांनासुद्धा ब्रेकची चकती असते. साध्या गाडीत मागे नुसता लोखंडी डबा असतो. मला वाटतं, हरेशदादाची गाडी साधीच आहे. तिला कुणीतरी रॅलीचे कपडे घातलेत!"

"वरून कीर्तन, आतून तमाशा!" क्षिप्रा म्हणाली. "सोनल? ए, तुझा चेहरा असा का झाला?"

सोनल कठड्यावर बसली. तिला एक गोष्ट माहीत होती, जी घरात कुणालाच माहीत नव्हती.

"रविवारी सकाळी दादाची पैज आहे," ती हळूच म्हणाली. "बोनकोड्याच्या बंडूशी. बंडूकडे खरी रॅली आहे. खाडीकाठचा नवा रस्ता आहे ना, तो नाल्यावर संपतो. पूल अजून बांधलेला नाही, नुसती डांबराची पिंपं आडवी लावलीत. दोघांनी शेजारी शेजारी गाड्या सुसाट सोडायच्या आणि पिंपांपाशी थांबवायच्या. जो उशिरा ब्रेक दाबेल तो जिंकला!"

पार्थने वही मिटली. चांगल्या ब्रेकच्या गाडीनेही जी पैज कुणी शहाण्याने लावू नये, ती हरेश साध्या गाडीने लावायला निघाला होता.

"अगं, मग आत्ताच्या आत्ता तुझ्या बाबांना सांग!" क्षिप्रा म्हणाली.

"दादाने शपथ घातलीय. बाबांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाला." सोनलचे डोळे भरून आले. "मला ते बघायचं नाही गं."

मग एकच वाट उरली. सोनलने त्याच संध्याकाळी दादाला गाठलं आणि नटांची गोष्ट सांगितली. हरेशने पुरती ऐकूनसुद्धा घेतली नाही.

"चुकून दुसरी स्टेपनी टाकली असेल! कमळाकरशेठ दहा वर्षं गाड्या विकतो, त्याला कळतं की तुमच्या त्या चिकटवहीला? आणि खबरदार कुणी गाडीला हात लावलात तर!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! सोनल मुकाट्याने घरात गेली. तिला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

शनिवारी सकाळी दोन सायकली तुर्भ्याकडे निघाल्या. पुढच्या सायकलवर सोनल, मागच्यावर पार्थ आणि कॅरियरवर क्षिप्रा. बाजाराकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत ती कमळाकरशेठच्या गॅरेजपाशी पोहोचली. गॅरेजच्या दारात एक पांढरी साधी तुफान उभी होती, आणि खुद्द शेठ घामाघूम होऊन तिच्या पाठीवर एक काळा पंख चिकटवत होता!

"मी बोलते," क्षिप्रा म्हणाली. "मला इथे कुणी ओळखत नाही." आणि ती तरातरा पुढे गेली. "काका, माझ्या काकांकडे साधी तुफान आहे. तिची अशी रॅली होईल का हो?"

"होईल म्हणजे? दोन दिवसांत!" शेठने कपाळ पुसलं. "पट्टे, पंख, नावाची अक्षरं, चाकांच्या टोप्या. सख्खी कंपनी ओळखणार नाय, बेबी!"

"चाकांच्या टोप्या म्हणजे?"

शेठने कोपऱ्यातल्या ढिगातून एक टोपी उचलून तिच्या हातात दिली. नुसतं प्लॅस्टिक! चंदेरी रंग फासलेलं. त्यावर पाच नट उठावाने काढलेले होते, अगदी खऱ्यासारखे.

"ही जरा तडकलीय. घेऊन जा, काकांना दाखव. परवाच घणसोलीच्या एकाला अशीच गाडी दिली. रॅली म्हणूनच घेतली त्याने! चालतोय आता हवेत!"

सोनलने सायकलची मूठ घट्ट आवळली.

"आणि ब्रेक, काका?" क्षिप्राने विचारलं. "तेपण रॅलीचे बसवता?"

कमळाकरशेठ मोठमोठ्याने हसला. "ब्रेक काय बाहेरून दिसतात काय? जे दिसतं तेच लोक बघतात!"

तिघं परत फिरली. टोपी सोनलच्या पिशवीत होती. पण हरेश घरी नव्हताच. तो मित्रांबरोबर उरणला गेला होता आणि रात्री ही पोरं झोपल्यावर परतला.

रविवारी सकाळी सोनल साडेपाचलाच उठली. पार्थ आणि क्षिप्रा ठरल्याप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी आली होती.

"टोपी दाखव त्याला," पार्थ म्हणाला.

"म्हणेल, ही दुसऱ्या गाडीची आहे. आपलं कोण ऐकतंय?" सोनल म्हणाली. "त्याला दुसऱ्याने सांगून पटणार नाही. त्याच्याच हाताने त्याला बघू दे."

तिने फ्रॉकच्या खिशातून काडेपेटी काढली. गाडीला हात लावू नको असं दादाने बजावलं होतं. आजवर तिने दादाचा एक शब्द मोडला नव्हता. पण ती गाडीच्या मागच्या चाकापाशी बसली, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि काडीचं टोक आतल्या पिनेवर दाबून धरलं. फुस्स! हवा सुटली. टायर हळूहळू जमिनीवर बसलं. सगुणाबाईंनी लावलेलं कुंकू अजून त्यावर होतं.

साडेसहाला हरेश बाहेर आला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "आत्ताच पंक्चर व्हायचं होतं! सात वाजता पोचायचंय!"

"स्टेपनी लाव ना, दादा," सोनल म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

हरेशने घाईघाईने पाना आणला आणि पहिल्या नटाला लावला. पाना फिरेना, नुसता घसरे. त्याने जोर केला. नट फिरला नाही, तो तुटलाच! हरेशने तो तुकडा बोटांत धरला. त्याने टोपीच्या कडेत पाना घालून ती उचकटली. खाडकन टोपी निघाली.

आत चार नट होते. गंजलेले, साधे.

त्याने जॅक लावला, चारही नट सोडवले, चाक बाजूला केलं. चकती नव्हती. तांबेरलेला एक लोखंडी डबा तेवढा समोर होता. हरेश तसाच मातीत बसला. सोनलने पिशवीतली टोपी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि गॅरेजमध्ये ऐकलेलं सगळं सांगितलं. या वेळी त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जोरात हॉर्न वाजला. बंडू त्याला न्यायला आला होता.

"काय रे हरेश? घाबरलास काय?"

गाव जमायला लागलं होतं. कुणी दात घासत आलं, कुणी पाण्याची कळशी घेऊन थांबलं. एवढ्या लोकांसमोर दादा काय बोलणार?

"गाडी रॅली नाय, बंड्या," हरेश म्हणाला. "मी फसलोय. पैज रद्द."

बंडू हसत हसत जवळ आला. त्याने तो गंजका डबा पाहिला, मग रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं.

"कसली पैज?"

काठी टेकत नामदेव ओट्यावरून खाली आले होते. सोनलने मान खाली घातली. आणि मग हरेशने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. नाला, पिंपं, शपथ, सगळं. बापासमोर एवढं खरं तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता.

नामदेव ताठ पाय पुढे पसरून चाकापाशी कसेबसे खाली बसले. त्यांनी त्या लोखंडी डब्यावर हात ठेवला.

"मालकानं त्या दसऱ्याला डंपर रंगवून आनला," ते म्हणाले. "लाल-पिवला, वर मोराची नक्षी. पंधरा दिस आदी मी त्याला सांगितलं व्हतं, ब्रेक लागत नाय. त्यानं रंग लावला, ब्रेक तसेच ठेवले. आनि मी रंगावर खूश! डोलं भरून बघतच रायलो. दुसऱ्या दिवशी उतारावर पाय दाबला, तर खाली कायच नव्हतं." ते बंडूकडे वळले. "आनि बंडू, तू पन ऐक. तुजी गाडी खरी हाय. पन ब्रेक थांबायसाठी असतो रे पोरा, पैज लावायसाठी नाय."

बंडूने मान डोलावली आणि तो हळूच म्हणाला, "चुकलं, काका."

"हवा कोनी काढली?" नामदेवांनी विचारलं.

"मी, बाबा." सोनलला रडू फुटलं. "शपथ होती, म्हणून तुम्हाला सांगता येईना. दादा, मी गाडीला हात लावला रे!"

हरेशने तिला जवळ ओढलं. त्याच्या हाताचं काळं ग्रीस तिच्या फ्रॉकला लागलं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तोही रडत होता.

सोमवारी नामदेव, हरेश आणि पार्थचे बाबा नंदकुमार तुर्भ्याला गेले. संगतीला तीन साक्षीदार आणि एक तडकलेली टोपी होती. कमळाकरशेठ आधी चढ्या आवाजात बोलला. पण क्षिप्रा पुढे झाली आणि तिने "ब्रेक काय बाहेरून दिसतात काय?" हे त्याच्याच सुरात म्हणून दाखवलं, तसा त्याचा चेहरा पडला. नंदकुमारांनी तिथूनच पोलीस चौकी गाठली. शेठला जबाब द्यावा लागला, आणि त्या पांढऱ्या गाडीचा पंखही त्याने सगळ्यांदेखत उतरवला.

"आम्ही मोठी माणसं नुसती लाल रंगाला भुललो," नंदकुमार घरी आल्यावर म्हणाले. "पोरांनी भोकं मोजली! शाबास रे पोरांनो!"

"आनि स्टेपनी भायेर कोनी काढायला लावली?" सगुणाबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं.

हरेशने गाडी ठेवून घेतली. पट्टे खरवडले, टोप्या काढल्या, ओळखीच्या मिस्त्रीकडून ब्रेक नीट करून आणले. गाडी आता चारचौघींसारखी साधी दिसत होती. संध्याकाळी तो तिघांना चक्कर मारायला घेऊन निघाला, तेव्हा ओट्यावरून काठीचा आवाज आला.

नामदेवांनी पुढचं दार उघडलं. आधी ताठ पाय आत ठेवला, मग स्वतः बसले. सगुणाबाई दारातच थबकल्या.

मागच्या सीटवरून सोनलला बाबांचा पाय दिसत होता. जाताना प्रत्येक वळणावर तो खालच्या पत्र्यावर दाबला जाई, जणू तिथे ब्रेकच आहे. खाडीकाठच्या रस्त्यावर पिंपं लांबून दिसायला लागली, आणि हरेशने तिथूनच सावकाश ब्रेक दाबला. पिंपांच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबली.

नामदेवांनी पिंपांकडे पाहिलं. मग मागे वळून त्यांनी सोनलच्या डोक्यावर हात ठेवला.

"माजी पोर वेळेवर हवा काढते," ते म्हणाले. "तिच्यासारखी पोर घरात असली, की मानूस घरी परत येतो."

परत येताना सोनल बघत होती. एकाही वळणावर बाबांचा पाय जागचा हलला नाही.