झेलीआजीच्या दारावरचा पाव

"सकाळी गारवा असताना समोरच्या झेलीच्या खिडक्यांच्या झडपा उघडल्या का, तेवढं बघत जा," असं आजोबा मायलिसच्या आईला दर सुट्टीत बजावायचे.

"बाबा, मी सुट्टीला आलेय की पहाऱ्याला?" असं म्हणून ती हसण्यावारी न्यायची.

यंदा आजोबा नव्हते. हिवाळ्यातच गेले. कास्तेलमुई गावातलं घर तेच होतं, अंजिराचं झाडही तेच. पण तेरा वर्षांच्या मायलिसला कशाची चव म्हणून लागत नव्हती. बदकाचं मांस खाल्लं काय न् पुठ्ठा चावला काय, सारखंच. रडूसुद्धा येत नव्हतं.

त्या दिवशी उकाड्यानं तिघंही लवकर उठून पायरीवर येऊन बसली होती. मायलिस, तिचा धाकटा भाऊ गास्तों आणि मामेबहीण क्लेमांस. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ऊन चढलं की लोक झडपा लावून घेणार, तोवर जमेल तेवढा गारवा आत घ्यायचा!

समोरच्या झेलीआजीच्या झडपा मात्र बंदच होत्या.

"झोपली असेल," क्लेमांस म्हणाली.

"झेलीआजी? कोंबड्याला तीच उठवते!" गास्तों खिदळत पलीकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, इकडे ये! हा बघ पावाचा सोटा!"

आजीच्या दाराच्या मुठीला कापडी पिशवी लटकत होती. पाववाला रोज त्यात पाव टाकायचा, भोंगा वाजवायचा आणि निघून जायचा. पिशवीत आजचा पाव होता. त्याच्याखाली दुसरा, लाकडासारखा कडक.

"म्हणजे कालचा पाव तिनं घेतलाच नाही," मायलिस म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

त्यांनी दार वाजवलं. हाका मारल्या. उत्तर नाही. तिघं चौकात धावली.

तिथं क्लेमांसचे बाबा, म्हणजे मायलिसचे दिदिएमामा, गावजेवणाची टेबलं मांडत होते. आई लसूण सोलत होती.

"रुसलीय ती!" मामा म्हणाले. "दरवर्षी गावजेवणाचं सूप, गारब्यूर, तीच करते, यंदा मी रांधणार ना! रागानं झडपा लावून बसलीय."

"पण मामा, पाव..."

"पावावरही रुसली असेल!"

"टोप्या कुठायत तुमच्या?" आईनं मान वर न करताच विचारलं. "उन्हात हिंडू नका."

"मामा, तिची किल्ली द्या ना. आजोबांकडे असायची ती."

"मुळीच नाही! मागं न विचारता आत गेलो, तर झाडू घेऊन मागे लागली बाई!"

क्लेमांसनं मायलिसला कोपरानं ढोसलं आणि चेहरा अगदी भोळा केला. "बाबा, अख्ख्या गावाला एवढ्याशा पातेल्यात पुरेल? झेलीआजीचं तांब्याचं पातेलं केवढं मोठंय! आम्ही पोरांनी आत जाऊन मागितलं, तर देईलही ती."

मामांचे डोळे लकाकले. "शहाणी गं माझी पोर!" त्यांनी जुडग्यातून किल्ली काढून दिली.

आत काळोख होता. कोंदट वास येत होता. "आजी!" गास्तों ओरडला.

ठक. ठक.

आवाज कोठीतून येत होता! फडताळांमध्ये, दगडी फरशीवर झेलीआजी पडली होती. पाय विचित्र वळला होता. कुशीत बदकाच्या मांसाची बरणी, एकही तडा न गेलेली. शेजारी मुरवलेल्या आलूबुखाऱ्याची बरणी, खाऊन रिकामी केलेली; तीच ती फरशीवर ठोकत होती.

"कोण? दिदिएनं धाडलं?" आवाज पाचोळ्यासारखा. "सांगा त्याला, पातेलं मिळणार नाही!"

गास्तों मामांना आणि आईला बोलवायला पळाला. क्लेमांसनं झडपा उघडल्या. मायलिसनं फडकं भिजवून आजीच्या ओठांना लावलं. आजीनं तिचं मनगट जे पकडलं, ते गावात आजाऱ्यांनाही नेणारे बंबवाले स्ट्रेचर घेऊन आले तरी सोडेना.

"कुणाच्या लक्षात आलं हे?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं. "अजून एक दुपार अशीच गेली असती, तर..."

मामांनी टोपी काढली. "या पोरांच्या. मी तर... शाबास रे! मला बनवलंत, बरं केलंत!"

लसणाच्या हातांनीच आईनं तिघांना जवळ ओढलं. मग वर बघून आजोबांच्या झडपा न्याहाळत राहिली.

"दिदिए!" स्ट्रेचरवरून आजी खेकसली. "मीठ चव बघून, शेवटी! बदक आधीच खारट असतं!"

संध्याकाळी चौकात पहिल्या तीन ताटल्या या तिघांच्या भरल्या. कोबी, घेवडा, वर तरंगणारं बदक. मायलिसनं पहिला चमचा तोंडात घातला आणि ती थांबली.

"मामा! किती खारट!"

सगळा चौक हसला. मायलिस हसली नाही. तिला रडूही आलं नाही. पण खारट लागलं होतं, अगदी जिभेला झोंबलं होतं! तिनं ताटली पुन्हा पुढे केली.

आता हे पुस्तक जरा पालथं ठेवा. तुमच्या जिन्यात एखाद्या दाराला कालची दुधाची पिशवी अजून लटकतेय का, बघून या. असेल, तर दार वाजवा. कुणी बोललं नाही, तर मोठ्यांना हाताला धरून ओढत आणा.